स्टेशन बेलापूरचे, गाव श्रीरामपूर

मनमाडहून आपल्या नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, आगगाडी येते. वाटेत 'बेलापूर' नावाचे स्टेशन लागते. पाटी वाचून तुम्ही खाली उतरलात, तर बाहेर बेलापूर दिसणार नाही. दिसेल श्रीरामपूर. बेलापूर गाव तेथून पाच-सहा किलोमीटर लांब, प्रवरेच्या काठी आहे.

असे का झाले? ऐका.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्या वेळी जवळचे नावाजलेले गाव म्हणजे बेलापूर. म्हणून स्टेशनला त्याचेच नाव मिळाले. स्टेशनाजवळच्या वस्तीला लोक 'बेलापूर रोड' म्हणू लागले. पुढे १९२६ साली भंडारदरा धरण पुरे झाले. कालव्याने पाणी आले, ऊस उभा राहिला. हरेगावला, टिळकनगरला साखर कारखाने निघाले. साखर आणि गूळ बाहेर पाठवायचा तर रेल्वे हवी. मग स्टेशनापाशी अडते आले, हमाल आले, गाडीवान आले. त्यांना राहायला घरे लागली, पोरांना शाळा लागली. बघता बघता वस्तीचे शहर झाले. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. बेलापूरचे नाव मात्र स्टेशनच्या पाटीवर राहिले.

म्हणजे पाणी, काम आणि वाट ही तिन्ही जिथे जुळली, तिथे माणसे राहायला गेली. हे कोणी आधी कागदावर आखले नव्हते. आपोआप झाले. पण आपोआप झालेले नेहमी सोयीचे होते असे नाही.

आता आजचे बघू. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर! एका टोकाला अकोल्याचे डोंगर, दुसऱ्या टोकाला जामखेड. कारखान्यांतले काम मात्र ठराविक ठिकाणी. नगरजवळ नागापूरला आणि पुण्याच्या रस्त्यावर सुप्याला औद्योगिक वसाहती आहेत. घर एकीकडे, काम दुसरीकडे.

आमच्या शेजारचे अण्णा परवा ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, पोरगं सुप्याला कामाला लागलं."

"वा! पेढे कुठे आहेत?"

"कसले पेढे! तिथंच खोली घेतलीय. भाडं आन् खानावळ देऊन हातात काय राहतंय? इकडं घर मोकळं, म्हातारी एकटी."

"मग घरून जा-ये का करत नाही?"

"पहाटच्या पाळीला गाडी कुठं हाय?"

पाहा, रस्ता आहे. डांबरी आहे. पण पाळीच्या वेळेला गाडी नाही, म्हणून अण्णांच्या पोराला तो रस्ता नसल्यासारखाच. वाट म्हणजे नुसती खडी आणि डांबर नव्हे. वेळ हाही वाटेचाच भाग आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे. मुख्याध्यापक असताना मी शाळा सुटायची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली. गाडीची वेळ तीच राहिली. वाडीवरच्या मुली रोज अंधारात चालत घरी जाऊ लागल्या. दोघींचे नाव कमी झाले, तेव्हा माझे डोळे उघडले. शाळा पुन्हा जुन्या वेळेवर आणली. एक मुलगी परत आली, दुसरी आली नाही.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती नगरहून पुण्याला. तो मान आपल्या जिल्ह्याचा आहे. पण पहिली गाडी आपली म्हणून शेवटच्या वाडीला गाडी मिळाली, असे होत नाही. ती मागावी लागते.

नवी वाट येते तेव्हा तर फारच जागे राहावे लागते. नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली. अंतर २६१ किलोमीटर. गाडी आष्टीपर्यंत पोहोचली २०२२ साली आणि बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ रोजी. एवढी वर्षे वाट पाहिलेल्या गावांनी आता विचारायला हवे: स्टेशनपासून गावापर्यंत जोडरस्ता आहे का? गाडी आली की पुढे न्यायला एसटी उभी असते का? नवी घरे कुठे बांधायची? रस्त्याच्या कडेला टपरीमागे टपरी आणि घरामागे घर लागले, की पुढे रस्ता रुंद करताना तेच घर आडवे येते. गावठाण वाढवायचे तर आतल्या बाजूला, पाणी आणि शाळा जवळ बघून वाढवावे.

यासाठी कायदाही आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे मोठ्या भागाची प्रादेशिक योजना करता येते. रस्ते कुठे, वस्ती कुठे, कारखाने कुठे, हे तीत नकाशावर दाखवतात. मसुदा जाहीर झाला की हरकती आणि सूचना मागवतात. ती सूचना छापून येते, आणि ज्याला वाचता येते त्याला ती मुदतीत कळते.

अण्णांना मी म्हटले, नुसते 'गाडी द्या' असे लिहू नका. कोणत्या गावची किती माणसे, कोणत्या पाळीला, किती वाजता पोहोचायची, तेवढे लिहा. त्यांनी दोन दिवस वाड्या पालथ्या घातल्या आणि यादी आणली. यादीखाली अण्णांनी पहिली सही केली. अंगठा नाही, सही. अक्षर जरा वाकडे आहे. आता ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि यादी जोडून अर्ज आगारात न्यायचा आहे.