हे काम कोणाचं?

३० मार्चची सकाळ होती. मालमत्ता कर भरणा केंद्रांवर रांगा लागलेल्या आणि घरून ऑनलाइन कर भरणाऱ्यांच्या पडद्यावर 'ही साइट सुरक्षित नाही' ही सूचना. आमच्या महानगरपालिकेच्या पोर्टलचं सुरक्षा प्रमाणपत्र आदल्या मध्यरात्री संपलं होतं. मुदत संपत आल्याचे मेल महिनाभर येत होते, पण ते सात महिन्यांपूर्वी पाणीपुरवठा विभागात बदलून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या नावावर. ऐन वसुलीतला दीड दिवस वाया गेला.

संध्याकाळच्या बैठकीत आयुक्तांनी एवढंच विचारलं, "हे काम कोणाचं होतं?" संगणक विभागातले आम्ही सहाजण समोर होतो. कोणी काही लपवत नव्हतं. ते काम खरोखरच कोणाच्याही कागदावर नव्हतं. विभागात तेवीस माणसं आणि अकरा पदनामं. काही आस्थापनेवरची, काही कंत्राटी, काही एखाद्या प्रकल्पासोबत येऊन राहिलेली. एकच काम करणाऱ्या दोघांची पदनामं वेगळी आणि एकाच पदावरच्या दोघांची कामं वेगळी. सगळ्यांचे जॉब चार्ट एकसारखे करा, असा आदेश निघाला आणि ती फाइल माझ्या टेबलावर आली.

मी ती आठ दिवसांत उरकली. दुसऱ्या एका कार्यालयाचा नमुना मागवला, अकरा पदनामांची चार केली, प्रत्येकाला एक पान दिलं. 'डेटाची देखरेख ठेवणे', 'समन्वय साधणे' आणि शेवटी नेहमीचं 'वरिष्ठांनी सोपविलेली इतर कामे'. मे अखेरीस आदेशावर सही झाली. ज्यांची कामं मी लिहीत होतो, त्यांच्यातल्या एकाच्याही शेजारी मी बसलो नव्हतो.

ऑगस्टमध्ये पाणीपट्टीच्या सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप शोधला तर शेवटचा मे महिन्यातला. तोवर दर शनिवारी बॅकअप घेऊन तो दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवायचं काम एक कंत्राटी मुलगा करत होता. त्याला ते कोणी लेखी दिलं नव्हतं, त्याच्या आधीच्या माणसाने दाखवलं म्हणून तो करत होता. माझ्या नव्या चार्टमध्ये 'डेटाची देखरेख' प्रोग्रामरकडे गेली, म्हणून त्याने कपाटाची किल्ली जमा केली. प्रोग्रामरने देखरेख म्हणजे सर्व्हर चालू आहे ना, एवढं रोज पाहिलं. दोघंही आदेशाप्रमाणेच वागले.

दहा आठवड्यांच्या पावत्या स्थळप्रतींवरून पुन्हा भराव्या लागल्या. तोवर काहींना थकबाकीच्या नोटिसा गेल्या होत्या. एक आजी पावती घेऊन खिडकीशी आल्या. घामाने मऊ पडलेली, चार घड्यांची पावती त्यांनी काउंटरवर हाताने सपाट केली आणि म्हणाल्या, "साहेब, भरलेत मी पैसे. हे बघा ना." त्यांच्या हातात पावती आणि आमच्या पडद्यावर थकबाकी. जॉब चार्ट हा आस्थापनेचा कागद नसून त्या खिडकीपलीकडच्या माणसाला दिलेला शब्द आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग सगळं पुन्हा केलं आणि त्याला पाच महिने लागले. सरकारी तंत्रज्ञान विभागात ज्यांच्यावर हे काम येईल, त्यांच्यासाठी त्यातून शिकलेलं सांगतो.

आधी काम लिहा, पदनाम नंतर. प्रत्येकाच्या शेजारी एक पूर्ण दिवस बसा. रोजची कामं तो सांगेल, पण महिन्याकाठी, मार्चअखेर, निवडणुकीच्या वेळी येणारी कामं विचारून काढावी लागतात. 'तुम्ही रजेवर असलात की काय अडतं?' या प्रश्नाने मला सर्वांत जास्त माहिती मिळाली.

दिसेल असं काम लिहा. 'देखरेख ठेवणे' खोडून आम्ही लिहिलं: 'दर शनिवारी बॅकअप घेणे, महिन्यातून एकदा तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून पाहणे आणि नोंदवहीत सही करणे.' झालं की नाही, हे तिसऱ्या माणसालाही तपासता आलं पाहिजे.

काम पदाला जोडा, व्यक्तीला नको, आणि प्रत्येक कामाला दुसरा माणूस ठेवा. मेलचा पत्ताही पदाचाच हवा. यापुढे हे अधिकच लागणार आहे. पूर्वी सुरक्षा प्रमाणपत्र ३९८ दिवसांपर्यंत चालायचं. १५ मार्च २०२९ पासून ही कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं, असा तिचा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. हे काम कोणाचं, हे शोधण्यातच ते तास जायला नकोत.

सेवाप्रवेश नियम आणि जॉब चार्ट यांची गल्लत करू नका. शैक्षणिक अर्हता, वेतनश्रेणी, पदोन्नती हा नियमांचा प्रांत. चार्टमधून पदनाम बदललं की लोकांना आपली बढती गेल्यासारखं वाटतं, आणि ती भीती रास्त असते. आस्थापना विभाग आणि कर्मचारी संघटना यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या.

कंत्राटी माणसाचं काम कागदावरून लपवू नका. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू केलं. म्हणून अनेक कार्यालयं अशा माणसाचं खरं काम लिहायलाच कचरतात. पण न लिहिल्याने ते काम संपत नाही, फक्त अनाथ होतं. वेतनाचा प्रश्न उठणार असेल तर तो सरळ उठू द्या.

आणि शेवटचं, चार्ट कपाटात ठेवू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) नुसार अधिकारी-कर्मचाऱ्यांची कर्तव्यं जाहीर करणं बंधनकारकच आहे. भिंतीवर लावा, दर एप्रिलला पुन्हा वाचा. 'इतर कामे' या सदरातलं एखादं काम तीन महिने चाललं, तर ते 'इतर' राहिलेलं नाही. त्याला स्वतःची ओळ द्या.

नवा चार्ट लागला त्या दिवशी तो कंत्राटी मुलगा बराच वेळ भिंतीपाशी उभा होता. शनिवारच्या बॅकअपपुढे त्याचं पद होतं, त्याच्याखाली पर्यायी म्हणून दुसरं. थोड्या वेळाने तो रजेचा अर्ज घेऊन आला. गावी जायचं होतं त्याला. चार वर्षांत तो गेला नव्हता, कारण मधे शनिवार यायचा.