नाताळातले मोठे जेवण आणि ताटांचा हिशेब

वसईच्या पश्चिम पट्ट्यात नाताळ 25 डिसेंबरला एका दिवसात आटोपत नाही. 24 च्या रात्रीची मिस्सा, 25 चे दुपारचे जेवण, मग मुंबईहून, आखातातून, ऑस्ट्रेलियातून सुट्टीला आलेल्या नातलगांसाठी सगळ्या कुटुंबाचे एकत्र जेवण, पाठोपाठ नवे वर्ष आणि 6 जानेवारीचा तीन राजांचा सण, असा पंधरवडा घरात माणसांची ये-जा चालू राहते. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात सहसा लग्ने लागत नाहीत. ती 26 डिसेंबरनंतर एकदम सुरू होतात. त्यामुळे मांडववाले, भांडीवाले, आचारी, मटणवाले या सगळ्यांना याच दिवसांत मागणी येते आणि शंभर माणसांचे घरगुती जेवण लग्नाच्या भावात पडते. खर्च आवरायचा असेल तर बोलणी ऑक्टोबरात सुरू करावी लागतात.

पहिले काम संख्येचे. ‘साधारण शंभर’ ही संख्या नव्हे. घरटी यादी करावी आणि तिच्यात मोठी माणसे, दहा वर्षांखालची मुले व मांस न खाणारे असे वेगळे रकाने ठेवावेत. दहा वर्षांखालचे मूल म्हणजे अर्धे ताट. 80 मोठी माणसे आणि 30 मुले असतील तर खुर्च्या 110 लागतात, पण स्वयंपाक 95 ताटांचा करावा लागतो. हे दोन आकडे वहीत वेगळे लिहावेत; एकाच आकड्याने दोन्ही कामे करायला गेले की पंधरा माणसांचे अन्न उगाच शिजते. ‘बघतो, कळवतो’ म्हणणाऱ्यांना 15 डिसेंबरची मुदत द्यावी. आयत्या वेळी न सांगता चार माणसे बरोबर आणणारे नातलग प्रत्येक कुटुंबात असतात, आणि मटण कमी पडले ही तक्रारही पहिल्यांदा त्यांच्याकडूनच येते. त्यांच्यासाठी भात आणि वरण थोडे जास्त धरावे. मांस जास्त धरू नये.

यानंतर पदार्थ ठरवावेत. मोठ्या जेवणाचा खर्च पदार्थांच्या भावापेक्षा पदार्थांच्या संख्येने वाढतो. मांसाचे दोन प्रकार असतील तर माणूस दोन्ही बेताने घेतो. पाच असतील तर पाचही ताटात वाढून घेतो आणि निम्मे टाकतो. या दृष्टीने वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांतले जुने नाताळचे जेवण अतिशय शहाणपणाने बेतलेले आहे. सोरपोतेल हा पोर्तुगीजांकडून आलेला पदार्थ. त्यात डुकराच्या मांसाबरोबर काळीज वगैरेही जाते, म्हणजे जनावराचा कोणताच भाग वाया जात नाही. मसाला आणि व्हिनेगर तिखट-आंबट असल्यामुळे तो थोडाच वाढावा लागतो. शिवाय तो दोन-तीन दिवस आधी शिजवता येतो. मुरल्यावर चवही सुधारते. विंदालूचेही तसेच. सणाच्या दिवशी चुलीवर फक्त कोंबडीचे कालवण, भात आणि वरण उरते. बरोबर तांदळाच्या पिठाचे वडे, सांदणे किंवा मैद्याचे फुगे असले की पाव आणि पुलाव दोन्ही मांडायची गरज राहत नाही. नूडल्स, पनीर आणि तीन-तीन स्टार्टर ही भर अलीकडची आहे, आणि पैसे तिथेच जातात. शाकाहारी माणसांसाठी डिसेंबरातला ओला मटार किंवा पावट्याची उसळ पुरते. ती चांगली झाली तर मांस खाणारेही घेतात, म्हणून ती शाकाहारी माणसांच्या संख्येच्या दुप्पट करावी.

व्हिनेगरच्या कालवणाबाबत एक खबरदारी महत्त्वाची आहे. भाड्याने येणारी मोठी पातेली बहुधा ॲल्युमिनियमची असतात. आंबट कालवण त्यांत रात्रभर ठेवले तर धातू अन्नात उतरतो आणि चवही बिघडते. कल्हई उडालेले पितळी भांडेही चालत नाही. सोरपोतेल स्टीलच्या डब्यांत काढून थंड जागी ठेवावे आणि रोज लागेल तेवढाच डबा पूर्ण उकळून घ्यावा.

प्रमाणे ढोबळ मानाने अशी धरता येतात. दोन मांसाहारी पदार्थ असतील तर हाडासकट कोंबडी दर ताटाला 150 ग्रॅम आणि डुकराचे मांस 100 ग्रॅम पुरते. तांदूळ वड्यांबरोबर 80 ते 100 ग्रॅम, डाळ 35 ग्रॅम, भाजी 100 ग्रॅम. मटण करायचेच असेल तर त्यात बटाटा किंवा दुधी घालावा. 125 ग्रॅममध्ये भागते आणि रस्साही दाट होतो. पुलावासाठी तांदूळ जुना घ्यावा. पालघर भागात वाडा कोलम मिळतो, पण नव्या हंगामाचा तांदूळ डिसेंबरात कमी फुलतो आणि चिकटतो. नवा तांदूळ भाकरी-वड्यांच्या पिठाला उत्तम. वाटाणा, गाजर, कोबी, फ्लॉवर या दिवसांत स्वस्त असतात. अंडी मात्र थंडीत महाग होतात आणि त्यात केकची मागणी येऊन पडते, म्हणून सगळ्यांसाठी अंड्याचा नाश्ता ठेवू नये. पाव लागणारच असेल तर बेकरीत आठवडाभर आधी सांगून ठेवावे. फराळात करंज्या आणि कलकल भरपूर कराव्यात. मैदा, नारळ, साखर यांत ताटे भरतात. काजूचे मार्झिपान आणि मिल्क क्रीम देखाव्यापुरते.

कोंबडी घेताना भाव जिवंत वजनाचा आहे की साफ केलेल्या मांसाचा, हे आधी विचारावे. कातडी काढून साफ केलेले मांस जिवंत वजनाच्या सुमारे 65 टक्के भरते. 95 ताटांना सव्वाचौदा किलो मांस हवे असेल, तर जिवंत कोंबडी सुमारे 22 किलो लागते. हा हिशेब माहीत नसलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार जिवंत वजनाचा स्वस्त भाव सांगतो, आणि घरी आल्यावर मांस कमी का, याचे उत्तर कोणी देत नाही. साफ झालेले मांस समोर पुन्हा तोलायला लावावे. काटा दुकानातच असतो आणि तोलायला अर्धे मिनिट लागते. जो दुकानदार यावर नाराज होतो, त्याच्याकडे सणाचा माल सांगू नये.

पाहुणे मुक्कामाला असतील तर चार दिवसांचे जेवण एकत्र आखावे. 25 चे वरण 26 ला वाढता येते. 24 च्या रात्रीचे सोरपोतेल दुसऱ्या सकाळी सांदण्यांबरोबर जाते. उरलेले अन्न दोन तासांच्या आत लहान, उथळ भांड्यांत काढून थंड करावे. भाताबाबत हे काटेकोरपणे पाळावे, कारण कोमट राहिलेल्या भातात वाढणारे काही जिवाणू असे विष तयार करतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. एका लिटर दुधात चहाचे साधारण 12 ते 15 कप होतात. थंड पेयांचा खर्च ज्याचा त्याने करावा, असे आधीच ठरवून टाकावे.

घरी माणूसबळ नसेल तर काम कंत्राटावर द्यावे लागते. सर्वात मोठा धोका इथेच आहे, आणि तो भावात नसून मोजणीत आहे. कॅटरर ‘दर ताटाला इतके’ असा भाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, माणशी इतके. कॅटरर मात्र आणलेल्या ताटांतून कोरडी उरलेली ताटे वजा करतो आणि राहिलेल्या आकड्याचे बिल लावतो. एका माणसाने दोन ताटे वापरली तर ती दोन माणसे झाली.

प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबात हे प्रत्यक्ष घडले. अंगणातल्या मांडवात 110 माणसांचे जेवण ठरले होते. बोलणी तोंडी झाली, आगाऊ रक्कम दिली गेली, आणि पुडिंग वाट्यांत वाढायचे हेही ठरले. जेवणाच्या दिवशी माणसे जसजशी येत गेली तसतशी यादीत त्यांच्या नावांवर खूण केली होती; ती 108 भरली. संध्याकाळी हातात आलेले बिल मात्र 161 ताटांचे होते. कॅटरर मांडवामागे उलट्या क्रेटवर बसला होता आणि मोजणी आपल्या पोऱ्याने केली आहे, एवढेच सांगत राहिला. यादी त्याच्यापुढे धरली, ती त्याने हातातही घेतली नाही. ‘आंटी, धंद्यात ताट मोजतात, माणूस नाही मोजत,’ असे तो दोनदा म्हणाला.

उलगडा भांडी घासण्याच्या टबापाशी झाला. लेखिकेने आणि तिच्या जावेने उष्टी ताटे एकेक करून बाजूला काढली. बहुतेक ताटांवर कालवणाचे लाल-पिवळे ओघळ आणि हाडे होती. उरलेल्या पन्नासेक ताटांवर भाताचे एक शीत नव्हते, मसाल्याचा डाग नव्हता. मध्यभागी फक्त कॅरमल पुडिंगच्या पाकाचा तपकिरी गोल होता. वाट्या त्या टबात थोड्याच होत्या. कॅटररने ठरल्याएवढ्या वाट्या आणल्याच नव्हत्या. त्या संपल्यावर वाढपी पोरांनी पुडिंग कोऱ्या जेवणाच्या ताटांत वाढून दिले, आणि तेच प्रत्येक पुडिंग एक पूर्ण जेवण म्हणून बिलात चढले. मुलांनी तर आधी जेवून मग पुडिंग घेतले होते. अर्ध्या ताटाचे मूल त्या हिशेबात दोन पूर्ण माणसे झाले.

हे सांगितल्यावर कॅटरर टबापर्यंत यायलाही तयार नव्हता. वाट्या कमी आणल्याबद्दल एक शब्द नाही. उलट भांडी उचलणार नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला उशीर झाला तर भरपाई मागेन, असे तो मोठ्या आवाजात बोलू लागला, तेही पाहुणे अंगणात असताना. अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे नेहमी एकच गोष्ट सांगतात: सणाचा दिवस आहे, वाद नको, देऊन टाका. पूर्ण रक्कम दिली गेली. यादी खरी होती, ताटे समोर होती, तरीही गप्प बसायला सांगितले गेले ते हिशेब ठेवणाऱ्या बाईला. कॅटररचा भरवसा नेमका यावरच असतो. नाताळात कोणी तमाशा करणार नाही, हे त्याला पक्के माहीत असते.

म्हणून आगाऊ रक्कम हातात ठेवण्याआधी कागदावर काही गोष्टी लिहून घ्याव्यात. बिल माणशी लागेल की ताटाला, हे पहिल्या ओळीत असावे. ताटाला असेल तर ताटे मांडण्याआधी आणि जेवण संपल्यावर दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसून ती मोजेल आणि आकड्यावर दोघांची सही होईल. गोड पदार्थ कशात वाढायचा आणि वाट्या किती आणायच्या, हे आकड्यात लिहावे. वाट्या कमी पडल्या म्हणून वापरलेले ताट बिलात धरले जाणार नाही, हे वाक्य सोडू नये. दहा वर्षांखालच्या मुलांचा दर वेगळा, वाढप्यांचे जेवण कोणाकडे, उरलेले अन्न कोणाचे आणि भाव करासह की कराशिवाय, हेही त्यातच यावे. शिजवलेले पण वाढले न गेलेले अन्न काही कॅटरर आपले समजून डब्यांत भरून नेतात. सव्वाचौदा किलो मांसाचे पैसे दिलेल्या घराने रिकामी पातेली का परत करावीत, याला काही उत्तर नाही. गॅस त्याने आणायचा असेल तर तो 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर असला पाहिजे. घरातला 14.2 किलोचा लाल सिलिंडर त्याला देऊ नये. व्यवसायासाठी तो वापरणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर जबाबदारी घरावर येते.

मोजणीच्या वेळी घरातला जो माणूस बसेल, त्याला त्या तासाभरात दुसरे काम सांगू नये. तो पाहुण्यांना पाणी द्यायला उठला की ताटे पुन्हा एकट्या पोऱ्याच्या हाती जातात. आणि अर्धी रक्कम शेवटच्या सहीपर्यंत हातात राहू द्यावी. सगळे पैसे आधी दिलेल्या घराचे म्हणणे संध्याकाळी कोणी ऐकत नाही.

या अटी लिहून द्यायला जो कॅटरर कां-कूं करतो, त्याला काम देऊ नये. ऑक्टोबरात दुसरा सहज मिळतो. 20 डिसेंबरनंतर मिळत नाही.