एक गोफण, चार क्षण

निझव्याला सहलीला गेलो की फलज दारिसच्या गार पाण्यात पाय सोडून बसल्याशिवाय आपलं मन भरत नाही. जमिनीखालून पाणी आणणाऱ्या अशा फलजला ओमानी लोक 'दाऊदी' म्हणतात. दंतकथा अशी, की दाऊदपुत्र सुलेमान इथे आला आणि त्याच्या जिन्नांनी दहा दिवसांत हजारो फलज खणून दिले. हा दाऊद म्हणजेच बायबलमधला दावीद. त्याने जालूतला मारल्याचा उल्लेख कुराणाच्या दुसऱ्या सूरेतही आहे. वाचकहो, तोच विजय इटलीतल्या चार कलावंतांना कसा दिसला, ते या पाठात पाहू.

गोष्ट थोडक्यात अशी. जालूत, म्हणजे बायबलातला गल्याथ, सहा हात एक वीत उंचीचा. तो रोज आव्हान देतो, पण कुणी पुढे येत नाही. मेंढरं राखणारा दावीद म्हणतो, मी जातो. शौल राजा त्याला आपलं चिलखत चढवतो. सवय नाही म्हणून पोरगा ते उतरवून ठेवतो आणि ओढ्यातले पाच गोटे उचलतो. हत्यार कुठलं? आपल्याकडे जोंधळ्याच्या राखणीला असते, ती गोफण! पहिलाच गोटा कपाळात बसतो. मग गल्याथच्याच तलवारीने त्याचं मुंडकं उडवलं जातं.

१) दोनातेल्लो (साधारण १४४०) : ब्राँझचा कोवळा पोरगा, पायाखाली गल्याथचं शिर. लढाई संपलेली आहे. बलाढ्य शेजाऱ्यांना तोंड देणाऱ्या फ्लॉरेन्सला दावीद आपलाच वाटे.

२) मायकेलएंजेलो (१५०१-०४) : दुसऱ्यांनी अर्धवट टाकलेल्या संगमरवरातून घडवलेला, सुमारे १७ फुटी. इथे गल्याथ नाहीच. खांद्यावर गोफण, कपाळाला आठी, नजर दूर. लढाई अजून व्हायची आहे.

३) काराव्हाज्जो (साधारण १६१०) : अंधारातून पुढे येणारा दावीद, हातात शिर. ते शिर चित्रकाराने स्वतःच्या चेहऱ्याचं रंगवलं, असं मानतात. १६०६ मध्ये त्याच्या हातून रोममध्ये खून झाला होता आणि तो परागंदा होता. दावीदच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद नाही, कीव आहे.

४) बर्निनी (१६२३-२४) : अंग पिळवटलेलं, ओठ घट्ट मिटलेले, गोटा सुटायच्या बेतात. पायाशी राजाचं चिलखत पडलेलं आहे.

फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात राशोलला छापलं गेलं १६१६ साली. म्हणजे शेवटच्या दोन कलाकृतींच्या मधल्याच काळात बायबलच्या कथा मराठी ओवीत आल्या होत्या.

या चारांत आम्हाला थांबवून ठेवतो तो काराव्हाज्जो. बाकीचे तिघे आपल्याला दावीदच्या बाजूला उभं करतात. हा एकटाच विचारतो, पडलेल्याचं काय? जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या तोंडाकडे पाहिलं, की विजयाचा अर्थच बदलतो.

घरी करून पाहा : मुलांना आधी नुसती गोष्ट सांगा, चित्रं दाखवू नका. मग हवा तो एकच क्षण काढायला सांगा. गोफण फिरवणारा दावीद बहुतेक जण काढतील. एखाद्याने गल्याथचा चेहरा काढलाच, तर त्याला का म्हणून जरूर विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.