पाण्यातील क्षार ओळखणारे रेणू

विहिरीचे पाणी चवीला खारट नसले, तरी ते जमिनीस निर्धोक असेलच असे नाही. भारी काळ्या जमिनीस सोडियमयुक्त पाणी वर्षानुवर्षे दिल्यास मातीची कणरचना मोडते, निचरा खुंटतो व जमीन चोपण बनते. ती सुधारण्यास जिप्सम, चर व दीर्घ काळ लागतो. म्हणून पाण्यात कोणता क्षार किती आहे, हे आधीच जाणून घेणे हिताचे होय.

क्षार पाण्यात विरघळला म्हणजे त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात. त्यांस आयन म्हणतात. पाण्याची विद्युतवाहकता मोजल्याने एकूण क्षारांचा अंदाज येतो. परंतु त्यांत सोडियम किती व पोटॅशियम किती, हे उमगत नाही.

ही निवड करणारे रेणू आता प्रयोगशाळेत घडविता येतात. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ साली 'क्राउन ईथर' या कड्याच्या आकाराच्या रेणूंची माहिती प्रसिद्ध केली. या कार्याबद्दल त्यांना १९८७ साली डोनाल्ड क्रॅम व झाँ-मारी लेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. कड्यातील ऑक्सिजनचे अणू मधल्या पोकळीत शिरलेल्या आयनास धरून ठेवतात. सोडियमच्या आयनाचा व्यास सुमारे २, तर पोटॅशियमचा सुमारे २.८ अँगस्ट्रॉम असतो. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केल्यास त्यांतील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. ५ ऑक्सिजनच्या कड्याची पोकळी सोडियमच्या मापाची, तर ६ ऑक्सिजनच्या कड्याची पोटॅशियमच्या मापाची असते. कुदळीच्या नेढ्यात मापाचाच दांडा घट्ट बसतो, तसेच हे होय.

असे किंवा याच तत्त्वावरील अन्य रेणू प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यात मिसळून मोजणीचे विद्युतअग्र तयार करतात. द्रावातील त्या आयनाचे प्रमाण दहापट वाढल्यास २५ अंश सेल्सिअस तापमानास विद्युतदाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. त्यावरून प्रमाण कळते.

असे उपकरण वापरताना पुढील काळजी घ्यावी :

१. प्रमाण ठाऊक असलेल्या दोन द्रावांत बुडवून उपकरण आधी जुळवून घ्यावे.

२. पंप थोडा वेळ चालवून मगच नमुना घ्यावा व बाटली त्याच पाण्याने विसळावी.

३. रेणूची निवड अगदी चोख नसते. अमोनियमचा आयन आकाराने पोटॅशियमच्या जवळचा आहे. म्हणून नुकतेच अमोनियम सल्फेट दिलेल्या शेतातून निचरणाऱ्या पाण्यात पोटॅशियमचा आकडा फसवा येऊ शकतो.

४. उपकरणास केवळ विरघळलेले आयन कळतात; मातीच्या कणांनी धरून ठेवलेला पालाश कळत नाही. खताची मात्रा माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवावी.

५. सोडियमचा आकडा कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या प्रमाणाशी ताडून पाहावा. त्यासाठी संशयास्पद नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा.

ग्राम कार्यकर्त्यांनी गावातील विहिरींची नोंदवही ठेवून पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात अशी दोनदा मोजणी करावी. सोडियमचा आकडा वर्षागणिक चढत असल्यास जमीन बिघडण्यापूर्वीच शेतकऱ्यास सावध करता येईल.