दलदलीची जमीन पेटते कशी?

प्रश्न : आमच्याकडे पावसाआधी राब भाजतात. आग थोड्या वेळात विझते, राख उरते. इंडोनेशियात मात्र शेत साफ करायला लावलेली आग महिनोन्‌महिने धुमसते, असं वाचलं. तिथे तर पाऊस भरपूर आणि जमीनही दलदलीची. मग असं का? शेतकऱ्यांना धोका समजावून सांगितला तर हे थांबणार नाही का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : राब भाजताना आपण कवळ, पातेरा, शेण जमिनीवर अंथरतो. जळतं ते एवढंच. खालची माती जळत नाही. इंडोनेशियातल्या कालिमांतान आणि सुमात्राच्या सखल भागांत खालची जमीनच जळण आहे. तिला पीट म्हणतात, स्थानिक भाषेत ‘गाम्बुत’. हजारो वर्षं झाडांची पानं, मुळं, खोडं पाण्यात पडत राहिली. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून ती पुरती कुजली नाहीत. थरावर थर चढत गेले. काही ठिकाणी हा थर दहा मीटरहून जाड आहे.

भिजलेलं आहे तोवर हे पीट सहसा पेटत नाही. ते वाळलं कसं, हाच कळीचा मुद्दा. १९९५मध्ये इंडोनेशिया सरकारने मध्य कालिमांतानमध्ये सुमारे दहा लाख हेक्टरांवर भातशेती उभी करण्याचा प्रकल्प आखला. त्यासाठी चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले. आपल्याकडे कालवा शेताला पाणी देतो. तिथल्या कालव्यांनी दलदलीतलं पाणी नदीकडे ओढून नेलं. भात पिकला नाही, प्रकल्प १९९९मध्ये बंद झाला, पण कालवे राहिले. इतरत्र पामतेलाच्या आणि कागदासाठीच्या लाकडाच्या मळ्यांसाठीही असाच निचरा झाला. त्या पामतेलाचं मोठं गिऱ्हाईक आपला देश आहे.

वाळलेलं पीट कसं जळतं, हे भाताच्या गिरणीमागे तुसाचा ढीग धुमसताना पाहिला असेल तर लगेच कळेल. ज्वाळा दिसत नाही, पण आच आतल्या आत सरकत राहते. वरून पाणी मारून विझली असं वाटतं आणि चार दिवसांनी दुसऱ्याच जागी धूर येतो. झाडांची मुळं जळतात, उभी झाडं कोसळतात. अशी आग खऱ्या अर्थाने विझवतो तो पाऊसच, आणि एल निनोच्या वर्षी तो उशिरा येतो. २०१५मध्ये तसंच झालं. त्याच एल निनोच्या वर्षी मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता, आणि तिकडे सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. जागतिक बँकेने नुकसान सुमारे १६ अब्ज डॉलर धरलं. कालिमांतानमधल्या पालांकारायासारख्या शहरांत भरदिवसा समोरचं दिसेना, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे. शेतकऱ्यांना धोका कळत नाही, असं मुळीच नाही. धूर सगळ्यात आधी त्यांच्याच घरात शिरतो, रबराची झाडं त्यांचीच जळतात. पण पीट आम्लधर्मी आणि निकस असतं. राखेने आम्लता उतरते, पिकाला थोडं खत मिळतं, रान साफ होतं, आणि हे सगळं एका काडीच्या खर्चात. कालिमांतानमधले दायाक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाळून शेती करत आले आहेत; देशाचा २००९चा पर्यावरण कायदा जाळून जमीन साफ करायला बंदी घालतो, पण तोही स्थानिक वाणाच्या पेरणीसाठी, भोवती जाळरेषा काढून, कुटुंबामागे दोन हेक्टरांपर्यंत जाळण्याची सवलत देतो. २०१५नंतर बंदीची अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा यंत्र, चुना, खत परवडत नाही अशा अनेक घरांची भातशेतीच थांबली. ‘जाळू नका’ असा नुसता फलक लावणं म्हणजे त्यांना ‘पेरू नका’ सांगण्यासारखं आहे.

म्हणून उपयोगी पडते ती हाताला काम देणारी जागृती. गावोगावी ‘मश्याराकात पेदुली आपी’, म्हणजे आगीची काळजी घेणारे गावकरी, असे गट आहेत. कोरड्या महिन्यांत ते गस्त घालतात, पंप आणि नळ्या तयार ठेवतात, आगीजवळ पाणी मिळावं म्हणून कूपनलिका घेतात. लांब नळी जमिनीत खुपसून आतल्या आचेपर्यंत पाणी पोचवतात. पण खरं काम आग लागण्याआधीचं आहे : कालव्यांवर बांध घालून पाणी अडवणं. लागवडीखालच्या पीटमध्ये भूजल पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये, असा तिथला नियम आहे. जोडीला ओल्या जमिनीतच येणारी सागो, जेलुतुंग किंवा चटया-टोपल्यांसाठी लागणारं पुरुन गवत अशी पिकं. बांध कुठे घालायचा हेही गावाला विचारूनच ठरवावं लागतं, कारण कालवा हीच अनेकांची होडीची वाट असते.

थोडक्यात, समजावल्याने आग थांबेल, पण समजावण्याबरोबर जमिनीत पाणी आणि शेतकऱ्याच्या हाती दुसरा मार्ग असेल तरच.