स्वतंत्र धंदेवाल्यांचे पेन्शन



मुंबईस रेल्वेत, पोस्टात वा सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या आपल्या वडीलमंडळींचा प्रॉव्हिडंट फंड पगारातून परस्पर कापला जाई. येथे ज्यांनी टॅक्सी, शिवणकाम, रंगकाम किंवा केटरिंगचा धंदा थाटला आहे, त्या अत्समाई मंडळींचे पैसे कापणारा कोणी मालक नाही.

१ जानेवारी २०१७ पासून अत्समाईंनाही पेन्शनसाठी रक्कम भरणे सक्तीचे झाले. (त्या दिवशी ज्यांचे वय ५५ पूर्ण होते, त्यांना सक्ती नाही.) देशातील सरासरी पगाराच्या निम्म्यापर्यंतच्या उत्पन्नावर ४.४५ टक्के आणि पुढे पूर्ण सरासरीपर्यंत १२.५५ टक्के भरावयाचे. हिशेबापुरती सरासरी १२,००० शेकेल धरू. महिना ९,००० मिळविणाऱ्यास पहिल्या ६,००० वर २६७ व उरलेल्या ३,००० वर ३७६.५०, म्हणजे ६४३.५० शेकेल भरावे लागतील. तेवढ्याच पगाराच्या नोकरदाराचे स्वतःचे ६, मालकाचे ६.५ व पित्सुईमचे ६ मिळून १८.५ टक्के, म्हणजे १,६६५ शेकेल जमा होतात! तेव्हा कायद्यापुरते भरले की म्हातारपणाची सोय झाली, असे कोणी समजू नये. बित्तुआह लेउमीचा वृद्धभत्ता मिळतो खरा, पण तेवढ्यावर भागत नाही.

उत्पन्नाच्या १६.५ टक्क्यांपर्यंत भरलेल्या रकमेवर, ठराविक कमाल मर्यादेत, आयकराची सवलत मिळते. ही रक्कम ३१ डिसेंबरच्या आत भरली पाहिजे. पुष्कळजण डिसेंबरातच जागे होतात. त्यापेक्षा दरमहा बँकेतून परस्पर जाऊ द्यावी.

केरेन हिश्तालमुतचे पैसे सहा वर्षांनी काढता येतात, म्हणून ती सर्वांस आवडते. पण मुलीच्या लग्नात ती मोडली जाते, आणि म्हातारपणास काही उरत नाही. शिवाय सर्वसमावेशक पेन्शन फंडात अपंगत्वाचा व मागे राहिलेल्या कुटुंबाचा विमा असतो, तो हिच्यात नाही. ज्याचे पोट हातावर आहे, त्याने हा विमा आधी पाहावा. मात्र आधीपासूनच्या आजारासाठी त्याचे संरक्षण ६० महिन्यांनंतरच लागू होते. म्हणून प्रकृती धड असतानाच फंडात शिरावे.

एजंट सही घेण्यास आला म्हणजे व्यवस्थापन खर्चाचे दोन्ही आकडे विचारावेत: भरण्यावर किती आणि साठलेल्या रकमेवर किती. कायद्याने अनुक्रमे ६ टक्के व वर्षाला ०.५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. अर्थखात्याने निवडलेल्या फंडांत अत्समाईंनाही याहून पुष्कळ कमी दराने प्रवेश मिळतो, हे एजंट आपण होऊन क्वचितच सांगतो.