चेतासंधीचे गणित

फवारणी करताना काही कीटकनाशके अंगात भिनली, की शेतमजुराला दरदरून घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि श्वास कोंडू लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा या धोक्याची चर्चा राज्यभर झाली. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांचा घाव पडतो तो चेतासंधीवर.

एक चेतापेशी दुसऱ्या पेशीला किंवा स्नायूला संदेश देते, ती जागा म्हणजे चेतासंधी. स्नायूपाशी या संधीतील फट मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी असते. संदेश येताच ॲसिटिलकोलीनचे असंख्य रेणू फटीत सोडले जातात, पलीकडील ग्राहींना चिकटतात आणि कोलिनेस्टरेज हे विकर त्यांचे तत्काळ विघटन करते. विष या विकरालाच निकामी करते. मग चेतना थांबतच नाही व स्नायू अखेर लुळे पडतात.

सेकंदाच्या काही सहस्रांशांत आटोपणारा हा व्यवहार रेणूगणिक पाहता येत नाही. तो संगणकावर मांडावा लागतो. अमेरिकेतील 'एमसेल' ही प्रणाली चेता-स्नायू संधीच्याच अभ्यासातून निघाली. तीत प्रत्येक रेणूची भटकंती जणू फासे टाकून ठरविली जाते.

संपूर्ण पेशीचे गणित याहून जुने. हॉजकिन व हक्सली यांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवरील प्रयोगांवरून १९५२ साली विद्युत्-संदेशाची समीकरणे मांडली. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बंद होता. हक्सली यांनी हाताने फिरवावयाच्या यंत्रावर आकडेमोड केली! १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

पुढची पायरी पेशींच्या जाळ्याची. २०१५ साली स्वित्झर्लंडमधील 'ब्लू ब्रेन' प्रकल्पाने उंदराच्या मेंदूचा एक कण संगणकावर उभा केला. त्यात सुमारे ३१ हजार पेशी व ३.७ कोटी संधी होत्या; आकारमान घनमिलिमीटरच्या तृतीयांशाहूनही कमी.

एवढ्या संधींतील एकेक रेणू मोजणे अशक्यच. तलाठ्याच्या गावनमुन्यांवरून तालुक्याचा गोषवारा निघावा, तशी खालच्या पातळीवरील सरासरी वरच्या पातळीला दिली जाते. अडचण अशी, की मेंदूतील अनेक संधी संदेश येऊनही पुष्कळदा रेणू सोडतच नाहीत. ही अनिश्चितता गोषवाऱ्यात हरवली, तर जाळ्याचे वर्तन चुकीचे दिसू शकते. शिवाय संदेश क्षणाचा, तर त्याने घडणारा रासायनिक बदल तासन्‌तास टिकणारा. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात विकसित झालेली 'मूस' ही प्रणाली विद्युत् व रसायन यांची गणिते एकत्र जुळविते. हे केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच भाग आहे.

संधी-संधींतील भेद रुग्णाच्या खाटेपाशीही जाणवतो. ॲट्रोपिनने लाळ व घाम आटोक्यात येतात. परंतु स्नायूंवरील ग्राही वेगळ्या जातीचे असल्याने तेथे त्याचा उपयोग होत नाही. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यास रुग्णाला यंत्राने श्वास द्यावा लागतो.